चैत्रातला रविवार

(प्रौढ साक्षरता वर्गातले भाषण)



आज रविवार आहे. शाळा बंद आहे. पंचायतीच्या दाराला कुलूप आहे. तालुक्याची बँकही आज उघडत नाही. पण तुम्ही काय केलेत? कुणी पहाटे उठून रानात पाणी दिले. कुणी गोठ्यातले शेण काढले. कुणी ओढ्यावरून धुणे धुऊन आल्या. मग हातपाय धुतले आणि वर्गाला आलात.

परवा मी वर्गात एक सवाल टाकला होता. "रविवार कुणाचा?" मागच्या ओळीतून एक आजी चटकन म्हणाल्या, "ज्याला पगार, त्याचा रविवार. आमाला सगळे वार सारखेच."

आजींचे बोलणे मला लागले. पण ते अर्धेच खरे आहे. एक काळ असा होता, की पगार होता पण रविवार नव्हता. ती गोष्ट आधी सांगतो. मग आपल्या पाराकडे वळू.

मुंबईच्या कापडाच्या गिरण्या तुम्ही ऐकून आहात. तुमच्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे तिथे कामाला होते. दुष्काळ पडला, कर्ज झाले, की माणूस घाटावरून आणि कोकणातून मुंबईची वाट धरी. गिरणीत उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम. दुपारी भाकरी खायला धड वेळ नाही. आणि आठवड्याची सुट्टी? तिचे नावच नको. सणासुदीला यंत्र थांबले तर थांबले. एरवी आज काय आणि उद्या काय, भोंगा वाजला की धावायचे.

त्या वेळी नारायण मेघाजी लोखंडे नावाचे गृहस्थ मुंबईत होते. जोतीराव फुल्यांचे ते सोबती. 'दीनबंधु' नावाचे पत्र ते चालवीत. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केले. त्या साली सप्टेंबरात सभा झाल्या आणि कामगारांनी एक अर्ज तयार केला. त्या अर्जातल्या मागण्या ऐका. फार मोठ्या नाहीत.

दर रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. सकाळी साडेसहाला काम सुरू करा आणि सूर्य मावळला की सोडा. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात द्या. कामावर कुणाला इजा झाली तर तो बरा होईपर्यंत त्याला पगार द्या.

बघा, मागून मागून काय मागितले? सकाळी साडेसहा ते दिवस मावळेपर्यंत काम! आज आपल्याला हेच केवढे वाटते. त्या माणसांना तेवढेही सुख वाटत होते. यावरून आधी काय असेल, ते तुम्हीच समजा.

या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आता हे तुम्ही नीट ध्यानात घ्या, कारण तुम्ही नुकतीच सही शिकला आहात. त्या काळी लिहिता येणारे थोडे. लिहिता न येणारा कुणबी कागदावर आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करी. या साडेपाच हजारांत स्वतःच्या हाताने नाव लिहिणारे किती थोडे असतील! पण प्रत्येकाला कागद वाचून दाखवावा लागला असेल. प्रत्येकाने ऐकून मान हलवली असेल. मला तर ते सगळे डोळ्यांपुढे दिसते. चाळीतली खोली, रॉकेलची चिमणी, आणि एकजण मोठ्याने वाचतो आहे, दर रविवारी सुट्टी द्या.

अर्ज केला म्हणून लगेच सुट्टी मिळाली नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० या दिवशी महालक्ष्मीच्या मैदानावर मोठी सभा भरली. म्हणजे अशाच उन्हाच्या दिवसांत. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले होते. त्या सभेत दोन कामगार बायाही उठून बोलल्या. १८९० साली, दहा हजार माणसांपुढे, गिरणीत राबणाऱ्या बाया! आपल्याकडे ग्रामसभेत बायांना बोला म्हटले की अजून पदर तोंडावर जातो. म्हणून मी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो.

पुढे १० जून १८९० या दिवशी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. दुसऱ्या साली, १८९१ मध्ये, कारखान्यांचा कायदा सुधारला आणि आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. लोखंडे १८९७ साली वारले. मुंबईत तेव्हा प्लेगची साथ चालू होती. पुढे २००५ साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

तर आजी, रविवार पगाराबरोबर फुकट आला नव्हता. तो माणसांनी मागून घेतला.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, ते मुंबईचं झालं. शेताला कुठला आलाय रविवार?" खरे आहे. गाय रविवारी दूध देते. भाजी रविवारी सुकते. पाण्याची पाळी रविवारी आली तर रविवारीच दारे धरावी लागतात. शेताला कारखान्याचा कायदा लागत नाही. पण विसाव्याची अक्कल आपल्या जुन्या माणसांना नव्हती असे समजू नका. कित्येक गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. सोमवार महादेवाचा, आणि बैल महादेवाचा नंदी. नाव देवाचे घेतले, पण विसावा बैलाला मिळाला. बाजाराचा दिवसही असाच. त्या दिवशी रानातले काम अर्धे आणि चार माणसांची गाठ जास्त. ज्या गावात जत्रा, तिथे जत्रेचा दिवस. खंडोबाचा वार तर रविवारच. जेजुरीला रविवारी जी गर्दी होते, ती सरकारी सुट्टीमुळे नव्हे. खंडोबाचा वार सरकारी सुट्टीहून कितीतरी जुना आहे.

म्हणजे आपल्याकडेही थांबायचा दिवस आहे. तो कुठला धरायचा, हे गावाने ठरवावे. आपल्या वर्गापुरता आपण रविवार धरला आहे, कारण तालुक्याला कामाला जाणारी पोरे त्या दिवशी घरी असतात.

आणि त्यातही हा चैत्रातला रविवार! ज्वारी निघाली. हरभरा घरात आला. गव्हाची मळणी उरकली. मृगाला अजून दोन महिने आहेत. या दिवसांत शेतकऱ्याला वर्षातली थोडीशी उसंत मिळते. ऊन तापते, पण सकाळ आणि संध्याकाळ कशी सोन्यासारखी असते! पाराचा पिंपळ बघा. पंधरा दिवसांपूर्वी नुसता काटक्यांचा सांगाडा होता. आता तांबूस पालवी फुटली आहे, आणि वारा नसला तरी ती हलते. कडुनिंबाला मोहोर आला आहे. रात्री अंगणात बाज टाकली की त्याचा वास येतो. त्या वासाला एक पैसा पडत नाही.

कोकिळाही ओरडू लागली आहे. इथे एक गंमत सांगतो. आपण म्हणतो, कोकिळा गाते. पण कुहू कुहू करतो तो नर. तो काळा कुळकुळीत असतो. मादी करड्या रंगाची, अंगावर पांढरे ठिपके, आणि ती नुसती किक् किक् करते. बरे, घरटे दोघेही बांधत नाहीत. अंडी कावळ्याच्या घरट्यात घालतात. नर गातो, नाव मादीचे होते, आणि पिल्ले वाढवतो कावळा! आपल्या घरांतही कामाची आणि नावाची अशी अदलाबदल पुष्कळ असते. ते पुढे येईलच.

आता पाराची बैठक. मी आपल्या गावची बैठक चार-पाच रविवार कान देऊन ऐकली. तंबाखूची चंची फिरते. एखादी कैरी कुणीतरी दगडावर फोडतो, तिखटमीठ लावतो, आणि फोडी वाटतो. मग एकेक जण बोलतो.

"मी उद्यापास्नं कौलं चाळायला घेणार. अवकाळीचा काय भरवसा न्हाई."

"मला मंगळवारी बाजारात शेळी न्यायचीय. भाव बरा आला तर दीन, न्हाईतर परत आणीन."

"माझ्या पोरीची परीक्षा हाय. शनिवारी तिला घेऊन तालुक्याला जायचंय."

"आन् तुझं काय रं?"

"माझं? मला डोहात डुंबायचंय. दोन तास. कुणी हाक मारायची न्हाई."

सगळे हसतात. पण बघा, हसता हसता काय होते. कौले चाळणारा म्हणतो, "बाजाराला चाललासच, तर माझ्या दोन विळ्यांना धार लावून आण." पोरीचा बाप म्हणतो, "शनिवारी मी तालुक्याला हायच. सोसायटीचा कागद तुझाबी घेऊन येतो. तू कशाला खेप मारतोस?" आणि डुंबायला जाणारा म्हणतो, "सकाळी डुंबीन, दुपारी तुझ्या कौलांवर चढीन. मला काय काम हाय?"

चार माणसांनी चार बेत सांगितले. तेवढ्यात दोन खेपा वाचल्या, एकाला गडी मिळाला, आणि एसटीचे भाडे वाचले ते वेगळेच. हेच बेत मनात ठेवले असते तर चौघे चार वाटांनी गेले असते. पारावरच्या बैठकीला काही लोक चकाट्या म्हणतात. दुसऱ्याची उणीदुणी काढली तर त्या चकाट्याच. पण आपला बेत दुसऱ्याला सांगणे, त्याचा ऐकून घेणे, याला मी चकाट्या म्हणणार नाही.

हल्ली पारावर आणखी एक प्रकार दिसतो. चौघे बसलेले असतात, आणि चौघांच्याही माना खाली. प्रत्येकाच्या हातात फोन. दिल्लीत काय झाले ते चौघांना ठाऊक. शेजारच्याची म्हैस व्याली ते एकालाही ठाऊक नाही! फोन वाईट नाही. हवामान कळते, बाजारभाव कळतो, मुंबईचा पोरगा डोळ्यांनी दिसतो. पण एक तास तो खिशात ठेवला तर काही बिघडत नाही.

आता एक खरी गोष्ट सांगतो. त्या माणसाचे आणि गावाचे नाव सांगत नाही, आणि तुम्हीही विचारू नका.

मी पूर्वी एका गावात होतो. तिथेही असाच पार होता. दोन एकर कोरडवाहू रान असलेला एक गडी रोज यायचा. बोलका होता. दर रविवारी त्याचा काही ना काही बेत असायचा. माघात त्याच्या जोडीतला एक बैल गेला. त्यानंतर त्याची पाळी आली की तो नुसता "बघू" म्हणायचा. एका रविवारी "बघू." दुसऱ्या रविवारी "बघू." तिसऱ्या रविवारी पण "बघू." चौथ्या रविवारी तो आलाच नाही.

बाकीच्यांनी म्हटले, असेल कुठे कामात. पण पिठाच्या गिरणीवाला त्याचा सोबती होता. त्याला ते "बघू" खटकले होते. तो उठला आणि सरळ त्याच्या घरी गेला. भर दिवसा हा भिंतीकडे तोंड करून निजला होता. बायको दारात बसलेली. ती म्हणाली, "भावजी, तीन दीस झालं, धड जेवलं न्हाईत. रातचं उठून बसत्यात."

गिरणीवाल्याने उपदेश केला नाही. 'मर्दासारखा मर्द, आणि रडतोस काय', असे काही बोलला नाही. तो शेजारी बसला. चहा मागितला. बराच वेळ गेल्यावर विचारले, "नांगरट ऱ्हायली का?"

"एका बैलावर काय नांगरू? आन् व्याज तर चढतंच हाय."

एवढेच दोन शब्द. पण महिनाभर ते आत अडकले होते.

त्या रात्री गिरणीवाला सगळ्यांना भेटला. आपल्याकडे जुनी रीत आहे, तिला इर्जिक म्हणतात. ज्याचे काम मागे पडले त्याच्या रानात सगळ्यांनी आपापली औते घेऊन जायचे, एका दिवसात काम उरकायचे, आणि धन्याने सगळ्यांना जेवू घालायचे. मजुरी घ्यायची नाही. पुढच्या रविवारी पाच जोड्या त्याच्या बांधावर उभ्या राहिल्या. दिवस मावळायच्या आत दोन एकर रान उलटून पडले. चैत्रात रान नांगरून पडले की ढेकळे तापतात, जमिनीतले किडीचे कोष वर येतात, आणि बगळे, साळुंक्या ते टिपतात. त्याच्या घरातून पिठले, भाकरी आणि कैरीचा तक्कू आला. जेवताना तो स्वतः वाढत होता. कुणीतरी विचारले, "आता पुढं काय बेत?" तो म्हणाला, "आधी तुमची ताटं धुतो."

कर्ज एका दिवसात फिटले नाही. त्यासाठी दोघे सोबती त्याच्याबरोबर सोसायटीत गेले, हप्ते बांधून घेतले. दोन वर्षे ओढाताण झालीच. पण माणूस राहिला. आज तो आहे, आणि त्याची मुलगी बारावी झाली आहे.

म्हणून पारावर बसाल तेव्हा जो मोठ्याने बोलतो त्याच्याकडे लक्ष द्याच, पण जो बेत सांगायचा थांबला त्याच्याकडे जास्त द्या. त्याच्या घरी जा. आणि त्याला झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तो करत असेल, तर एकटे सोडू नका. सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडे न्या. मनाच्या दुखण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये फोनची सोय केली आहे. नंबर अगदी सोपा आहे, १४४१६. पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. वहीच्या पहिल्या पानावर हे पाच आकडे लिहून ठेवा. आकडे लिहायचा सरावही होईल.

आता बायांकडे वळतो. मघाशी मी म्हटले, बैलाला सोमवार आहे. गिरणीवाल्याला रविवार मिळाला. चुलीपुढच्या बाईला कुठला वार?

मी एका बाईंना विचारले, रविवारी तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, "इतर दिवशी करते तेच, आन् थोडं जास्त." जास्त कशाने? तर मुले घरी, नवरा घरी, दीर घरी. सगळे निवांत बसलेले, आणि प्रत्येकाला काहीतरी खावेसे वाटते. चहा चारदा होतो. कुणाची फर्माईश पुरणाची, कुणाची रश्श्याची. म्हणजे घरात सुट्टी शिरली, की तिचे ओझे बाईच्या डोक्यावर! विहिरीचे पाणी चैत्रात खाली गेलेले असते, त्या खेपा वेगळ्याच.

तरीही बाया बेत करतात, आणि आपल्याहून चांगले करतात. पाणवठ्यावर, धुण्याच्या दगडावर, दळणाच्या रांगेत त्यांचा पार भरतो. कुरडयांचेच घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे. रोज पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी वाटून चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचे पाणी ओतून द्यायचे, आधणात हिंग-मीठ घालून चीक शिजवायचा, आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया पाडायच्या. वर दोन-तीन दिवस कडक ऊन हवे. एवढे सगळे एकटीने होत नाही. म्हणून आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. पुरुषांची शेतातली सावड तशी बायांची ही सावड. बरे, हिशेब बघा. कुरडया रविवारी घालायच्या, तर गहू बुधवारी भिजलेच पाहिजेत. एक दिवस चुकला तर चीक आंबतो. हा बेत त्या तोंडी लक्षात ठेवतात. आता वर्गात येणाऱ्या तीन-चार जणी तो कागदावर लिहू लागल्या आहेत, ते मी पाहिले.

चैत्रात हळदीकुंकू असते. गौर मांडतात. कैरीची डाळ आणि पन्हे करतात. पन्ह्याला काही फार लागत नाही. कैऱ्या उकडायच्या, गर काढायचा, गराच्या दुप्पट गूळ, चिमूटभर मीठ, असली तर वेलची, आणि माठाचे गार पाणी. उन्हातून आलेल्या माणसाला पन्ह्यासारखे दुसरे काही नाही. मात्र कुणाला ऊन लागून चक्कर आली, अंग भाजू लागले, तर पन्ह्यावर विसंबू नका. सावलीत न्या, अंग ओल्या फडक्याने पुसा, आणि दवाखाना गाठा.

या हळदीकुंकवाबद्दल मला एक बोलायचे आहे. सगळ्या जणी जमतात, हसतात, वाटली डाळ खातात. आणि एक जण घरात बसून राहते, कारण तिचा नवरा गेला. तिनेच शेजारणीच्या कैऱ्या किसून दिलेल्या असतात! मला हे कधीच पटले नाही. कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड नावाचे गाव आहे. त्या गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, तिला कार्यातून वगळणे, हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. आपल्या गावात ठराव होईल तेव्हा होईल. पण येत्या हळदीकुंकवाला बोलावणे करताना घर वगळायचे की नाही, हे ठरवायला ग्रामसभा लागत नाही. बोलावणे करायला जाणाऱ्या दोघींनी ठरवले की झाले.

जत्रेचे थोडक्यात सांगतो, कारण उन्हे चढत आहेत. जत्रेला जा. जरूर जा. पण उसने काढून जाऊ नका. चार घरांनी मिळून ठरवले तर शिधा एकत्र नेता येतो. २०२३ साली महाराष्ट्रात एसटीचे भाडे बायांना निम्मे झाले, तेव्हापासून कितीतरी सासुरवाशिणींनी आपण होऊन देव बघितले. नाहीतर देवालाही नवरा नेईल तेव्हाच! एसटीची पाटी आता तुम्हाला वाचता येते. त्यामुळे कंडक्टरला विचारायचीही गरज नाही.

आता मुद्द्याचे. येत्या रविवारचा बेत आपण इथेच ठरवू आणि फळ्यावर लिहू. बायांनी मला काल सांगितले, की या खेपेला कुरडया सगळ्यांच्या मिळून शाळेच्या पटांगणात घालायच्या. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. आणि त्या दिवशी दुपारचा स्वयंपाक बापयांनी करायचा.

हसू नका. गावजेवणाला दोन-दोन मणांच्या कढया कोण हलवतो? बापयेच. भंडाऱ्याची आमटी कोण फोडणीला टाकतो? तिथे हात भाजत नाही, मग घरची कढई तेवढी जड कशी होते? पिठले सगळ्यांना येते. भाकरी ज्याला येत नाही त्याने कांदे चिरावे. पाणी तरुण मंडळाची पोरे टँकरजवळून आणतील, बायांनी त्या दिवशी घागर उचलायची नाही.

तर लिहून घ्या. ज्याला येईल त्याने वहीत लिहा, बाकीच्यांनी फळ्यावर बघून उतरवा.

बुधवार, गहू भिजत घालणे. गुरुवार आणि शुक्रवार, पाणी बदलणे. शनिवार, चीक गाळणे. रविवार, सकाळी सात वाजता पटांगणात. स्वच्छ धोतरे किंवा जुनी लुगडी वाळवणाला आणावीत. राखणीला दोन आज्या आणि चार पोरे काठ्या घेऊन बसतील, कावळे फार झाले आहेत.

सोरे दोन मिळाले. तिसरा लागेल. कुणाच्या घरी आहे? हात वर करा.